ट्रकचा ब्रेक : घाट आणि शर्यत

चाकणच्या कारखान्यांतून माल भरून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला ट्रक, त्याचा धनी कोणीहि असो आणि त्यांत मोटारींचे सुटे भाग असोत कीं यंत्रें असोत, वाटेंत एका परीक्षेस बसल्यावांचून बंदरास पोहोंचत नाहीं. ही परीक्षा म्हणजे बोरघाट होय. खंडाळ्याचा माथा आणि खोपोलीचा पायथा यांच्यामध्यें सुमारें ५०० मीटरांची उंची आहे. ती उतरून जाण्यास इंजिनाची शक्ति लागत नाहीं. ट्रक आपल्याच वजनानें खालीं धांवूं पाहतो, आणि त्याला न धांवूं देणें हेंच तेथें चालकाचें सारें कसब असतें. चढावर इंजिनाचा कस लागतो. उतारावर चालकाचा आणि ब्रेकाचा.

या घाटापासून पुष्कळ दूर, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर, २३ मार्च २०१४ रोजीं टाटा मोटर्स कंपनीनें ट्रकांची एक शर्यत भरविली. भारतांत असा प्रकार पूर्वीं झालेला नव्हता. मोटारसायकली व लहान मोटारी यांच्या शर्यती मद्रास, कोइमतूर वगैरे ठिकाणीं पुष्कळ वर्षें चालू होत्या. पण ज्या वाहनाचा जन्मच ओझें वाहण्यासाठीं, त्याला वेगाच्या चढाओढींत उतरवावें ही कल्पना नवी होती आणि, खरें सांगावयाचें तर, थोडी विचित्रहि होती. शर्यतींत बारा ट्रक होते. ते सर्व 'प्राइमा' जातीचे. मागची जोडगाडी सोडून दिलेली, म्हणजे केवळ ओढणारा पुढचा भाग तेवढा धांवणार. चालक सारे परदेशांतून आलेले. रस्त्यावरचा ट्रक शर्यतीस लायक करण्यासाठीं त्यांत जे फेरफार केले गेले त्यांत चालकाची बैठक, त्याला बैठकीशीं जखडून ठेवणारे पट्टे, इंजिनाची गति मागच्या आंसाकडे नेणारा फिरता दांडा तुटल्यास त्याला आवरून धरणारीं कडीं, इंधनाची टाकी अशा गोष्टी होत्या. आणि ब्रेक थंड ठेवण्याची योजना होती. प्रेक्षकांचें लक्ष साहजिकच अश्वशक्तीकडे गेलें. जाणत्याच्या दृष्टीनें मात्र या यादींतील शेवटची बाब सर्वांत मोलाची होती, आणि बोरघाटाशीं तिचें नातें फार जवळचें आहे.

'प्राइमा' ट्रक जमशेदपूरला तयार होतो. तथापि ज्या कंपनीचा तो आहे तिचा संसार अर्धा जमशेदपुरास आणि अर्धा पुण्यास मांडलेला आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें, म्हणजे त्या वेळच्या 'टेल्को'नें, १९५४ मध्यें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून ट्रक बांधण्यास आरंभ केला. पुढें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्यें अस्तित्वांत आलें, आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखान्यांस जागा मिळूं लागल्या. तेथें त्यापूर्वीं, १९५४ पासून, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी औषधी कारखाना होताच. टेल्कोनें १९६५-६६ च्या सुमारास पुण्यांत पाय रोवले, १९६६ मध्यें आपलें संशोधन-केंद्रहि येथें काढलें. पण पुण्याच्या कारखान्यांतून पहिला ट्रक बाहेर पडावयास १९७७ साल उजाडलें. मधलीं दहा वर्षें सुमंत मुळगांवकरांनीं हत्यारें, साचे आणि माणसें घडविण्यांत घालविलीं. आधीं यंत्रें बनविणारीं यंत्रें, मग शिकाऊ कामगार, मग ट्रक, हा त्यांचा क्रम उतावळ्या माणसास रुचणारा नव्हे. पण त्याच क्रमामुळें या पट्ट्यांत घरटी एक तरी फिटर किंवा टर्नर निपजला. १९७० मध्यें पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली, १९८२ मध्यें महानगरपालिका. त्याच १९८२ सालीं कल्याणी उद्योगसमूहानें कल्याणी ब्रेक्स ही कंपनी काढली. चाकण येथें तिचा कारखाना उभा राहिला व पुढें ती बॉश या जर्मन कंपनीकडे गेली. अवजड ट्रकांना लागणाऱ्या हवेच्या ब्रेकांचा धंदा मात्र १९६२ मध्यें स्थापन झालेल्या मद्रासच्या सुंदरम्-क्लेटन कंपनीनें या देशांत रुजविला, हें पुणेकरांनीं अभिमानाच्या भरांत विसरूं नये.

चाकण-खेडच्या टापूंत 'शर्यत' हा शब्द उच्चारला कीं ट्रक कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. येतो तो बैलगाडा. ज्या वसंतांत ग्रेटर नोएडा येथें ट्रक धांवले त्याच वसंतांत, ७ मे २०१४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्यें त्यांना पुन्हा सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं त्यासंबंधींचा कायदा न्यायालयानें कायम केला. या शर्यतीच्या धांवपट्टीस पुणें जिल्ह्यांत 'घाट' म्हणतात. ही धांवपट्टी चढणीची असते, आणि त्यांत एक शहाणपण आहे: गाड्यास ब्रेक नसतो, बैल उधळले तरी वरची चढणच त्यांना आवरते. बोरघाटाचें काम याच्या नेमकें उलट आहे.

ट्रकांच्या शर्यतींचा उगम अमेरिकेंत झाला. १९७९ मध्यें अटलांटा येथील मोटारींच्या शर्यतमार्गावर जोडगाड्या सोडलेले अवजड ट्रक प्रथम धांवले. १९८४ मध्यें इंग्लंडांतील डॉनिंग्टन येथें हा खेळ आला आणि दुसऱ्याच वर्षीं युरोपची अजिंक्यपद-मालिका सुरू झाली. आज युरोपांत शर्यतीच्या ट्रकचें वजन निदान ५,३०० किलोग्रॅम असावें लागतें, त्याचें इंजिन हजार अश्वशक्तीच्याहि वर जातें, आणि तरी त्याचा वेग ताशीं १६० किलोमीटरांच्या पुढें जातां कामा नये असा निर्बंध आहे. या निर्बंधाचा परिणाम वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं. सर्वांचा परम वेग एकच ठरवून दिल्यावर सरळ मार्गावर कोणी कोणाच्या पुढें जाण्यास फारसा वाव उरत नाहीं. मग चढाओढ कोठें होते? वळणाच्या तोंडाशीं. ज्याचा ब्रेक भरंवशाचा, तो शेवटच्या क्षणापर्यंत वेग राखतो. ज्याला ब्रेकाची शंका, तो आधींच पाय दाबतो आणि मागें पडतो. म्हणून ट्रकांची शर्यत ही नांवानें वेगाची असली तरी पुष्कळ अंशीं ती थांबण्याची शर्यत आहे.

आतां ब्रेक म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. ब्रेक गति नाहींशी करतो असें आपण सहज बोलून जातों. वस्तुतः जगांत कांहीं नाहींसें होत नाहीं. गतीची उष्णता होते एवढेंच. सामान्य ट्रकच्या चाकांत लोखंडाचा एक जाड ड्रम चाकाबरोबर फिरत असतो. त्याच्या आंत दोन अर्धचंद्राकार शू असून त्यांवर लायनर बसविलेले असतात. चालकानें पायाखालील पट्टी दाबली कीं टाकींतील दाबलेली हवा एका लांब दांड्यास ढकलते, दांडा एक आडवा तरफदांडा फिरवितो, आणि लायनर ड्रमवर आंतून घासूं लागतात. ट्रकचा वेग जितका कमी झाला तितकी उष्णता ड्रमच्या लोखंडांत जमा झाली. एकदां ब्रेक मारून मग दोन-तीन किलोमीटर मोकळें धांवावयास मिळालें तर वारा ही उष्णता घेऊन जातो. घाटांत तशी फुरसत नसते.

मग होतें काय तें पाहण्यासारखें आहे. अवजड ट्रकच्या ड्रमचा व्यास सुमारें ४१० मिलिमीटर असतो. तो ४०० अंशांनीं तापला तर प्रसरण पावून त्याचा व्यास सुमारें १.८ मिलिमीटरांनीं वाढतो. म्हणजे दोन्ही बाजूंनीं तो लायनरांपासून जवळ जवळ एकेक मिलिमीटर दूर सरकतो. एक मिलिमीटर ही काय मोठी गोष्ट, असें वाटेल. पण मधल्या तरफेमुळें तें अंतर दांड्याच्या चालींत दहा-बारा पट होऊन येतें, आणि ज्या दांड्याची एकंदर चालच सहा सेंटिमीटरांच्या आसपास, त्याचा एक सेंटिमीटर असा फुकट जातो. लायनरांत आधींच ढिलेपणा असेल तर दांडा शेवटास टेकतो. पाय कितीहि जोरानें दाबला तरी पुढें कांहीं होत नाहीं. शिवाय अति तापलेल्या लायनरांची पकडच कमी होते. गाडी थांबून ड्रम निवला कीं सारें पूर्ववत् होतें, आणि अपघातानंतर पाहणारा मिस्त्री सांगतो कीं ब्रेक तर चांगला आहे. 'ब्रेक फेल' या दोन शब्दांत आपण जें सर्व घालतों त्यांतील पुष्कळसें असें असतें.

दुसराहि एक गैरसमज येथेंच दूर केला पाहिजे. हवेच्या ब्रेकांतील हवा गेली कीं ट्रक मोकाट सुटतो अशी समजूत आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ मध्यें आगगाडीसाठीं केलेला पहिला हवेचा ब्रेक खरोखरच तसा होता. नळी तुटली कीं ब्रेक गेला. त्यानें १८७२ मध्यें ही रचना उलटी केली: नळींतील दाब कायम असेपर्यंत ब्रेक मोकळा, दाब गेला कीं ब्रेक आपोआप लागलेला. आजच्या अवजड ट्रकमध्यें हेंच तत्त्व स्प्रिंगच्या रूपानें आहे. मागच्या चाकांपाशीं एक जबर स्प्रिंग असते, हवा तिला दाबून धरते, आणि हवा संपत आली कीं स्प्रिंग मोकळी होऊन चाकें जखडूं लागते. योजना उत्तम खरी. पण ही स्प्रिंगहि ढकलते तीं तेच शू आणि त्याच ड्रमवर. ड्रम तापून फुगलेला असेल तर हवेला जें साधलें नाहीं तें स्प्रिंगलाहि पुरतें साधत नाहीं. तात्पर्य, या सर्व योजनेचा शत्रु एकच, तो म्हणजे उष्णता.

शर्यतीसाठीं ट्रकचा ब्रेक बदलतात तेव्हां पहिलें आक्रमण या शत्रूवरच होतें. ड्रम काढून त्या जागीं लोखंडाची उघडी तबकडी बसवितात. तिला दोन बाजूंनीं चिमट्यासारखी पकड असते. तबकडी तापून फुगली तर पकडीपासून दूर न जातां पकडीच्या अधिक जवळ येते, हा तिचा मोठा गुण. तिच्याभोंवतीं वारा मोकळा खेळतो. परंतु ताशीं १६० किलोमीटर वेगानें येणाऱ्या पांच टनांच्या ट्रकास वारा पुरत नाहीं. म्हणून चालकाच्या मागें पाण्याची टाकी ठेवतात, तींत शे-दोनशें लिटर पाणी घेतात, आणि ब्रेक दाबला असतां बारीक तोंडांच्या नळ्यांतून तें तुषारांच्या रूपानें तबकड्यांवर उडवितात. पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. वळणाशीं आलेल्या ट्रकच्या चाकांतून जे पांढरे लोट उठतात ते धुराचे नसून बहुधा याच वाफेचे असतात.

येथें पाण्याचें परिमाण फार संभाळावें लागतें. लाल झालेल्या लोखंडावर एकदम थंड पाणी ओतलें तर तें तडकतें, हें लोहाराचा शिकाऊ पोरहि जाणतो. घाटाच्या पायथ्याशीं तापलेल्या ड्रमांवर बादलीनें पाणी मारणारे चालक आपल्याकडे दिसतात. त्यांचा हेतु बरोबर असला तरी रीत घातक आहे. ड्रमला पडलेली बारीक चीर पुढच्या घाटांत उघडते. शर्यतींतील योजना आणि ही बादली यांत तत्त्वाचा भेद नाहीं, भेद आहे तो मापाचा आणि वेळेचा: लोखंड भडकून लाल झाल्यावर पाणी द्यावयाचें नाहीं, तें तापूं लागतांच थेंबाथेंबानें द्यावयाचें.

दुसरा फेरफार हवेच्या मार्गांत करावा लागतो. तेल-ब्रेकांत दाब तात्काळ पोहोंचतो, हवा मात्र नळींतून धांवण्यास वेळ घेते. पाय दाबल्यापासून सर्वांत दूरच्या चाकापाशीं पुरेसा दाब भरेपर्यंत ०.६ सेकंद लागले तरी आंतरराष्ट्रीय नियम तें चालवून घेतात. पापणी दोनदां मिटेपर्यंतचा हा काळ. पण ताशीं १६० किलोमीटर वेगानें धांवणारा ट्रक तेवढ्यांत सुमारें २७ मीटर पुढें गेलेला असतो. शर्यतींत सत्तावीस मीटर म्हणजे जय कीं पराजय. त्यामुळें नळ्या आखूड व रुंद करणें, झडपा चाकांच्या जवळ आणणें, टाक्यांत हवा भरपूर ठेवणें हें सर्व ओघानेंच येतें.

तिसरी गोष्ट पुढच्या व मागच्या चाकांच्या तोलाची. ट्रक घडविणारा तो भरलेला आहे असें समजून त्याचा ब्रेक आंखतो, कारण तेंच त्याचें आयुष्य. शर्यतीचा ट्रक रिकामा, मागची जोडगाडी नाहीं, आणि जोरानें ब्रेक लागतांच होतें नव्हतें तें वजन पुढच्या चाकांवर लोटतें. मागचीं चाकें हलकीं होतात व सहज जखडून घसरूं लागतात. घसरलेल्या मागच्या चाकांचा ट्रक सरळ राहत नाहीं, तो वळून आडवा येतो. रस्त्यावरील ट्रकांतहि रिकाम्या वेळीं मागच्या ब्रेकांचा दाब कमी करणारी झडप बसवितात, ती याच कारणास्तव. शर्यतीसाठीं हा सारा तोल नव्यानें जमवावा लागतो, आणि तो कागदावर जमत नाहीं. चालवून, पाहून, पुन्हा चालवूनच जमतो.

एवढें केल्यावर शर्यतीचा ट्रक हा ब्रेकांच्या बाबतींत राजा झाला असें वाटेल. परंतु थोडी आंकडेमोड केली असतां निराळेंच चित्र दिसूं लागतें. ५,३०० किलोग्रॅम वजनाचा ट्रक ताशीं १६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबविला तर सुमारें ५२ लक्ष जूल उष्णता निर्माण होते. एक लिटर पाणी साध्या तपमानापासून तापवून त्याची वाफ करण्यास सुमारें २५ लक्ष जूल लागतात. म्हणजे दोन लिटर पाण्याची वाफ झाली कीं एका थांबण्याचा हिशेब फिटला. आतां बोरघाट घ्यावा. जोडगाडीसह ४० टनांचा भरलेला ट्रक ५०० मीटर खालीं उतरतो तेव्हां सुमारें १९ कोटी ६० लक्ष जूल कोठें तरी जिरवावे लागतात. शर्यतींतील एका थांबण्याच्या हें ३७ पट झालें. तें सर्व ब्रेकांवर टाकलें आणि पाण्यानें फेडावयाचें म्हटलें तर जवळ जवळ ७८ लिटर पाण्याची वाफ करावी लागेल. शर्यतीच्या ट्रकला वळणें अनेक असतात हें खरें, पण त्याच्यापाशीं टाकी असते, तबकड्या असतात, आणि शर्यत संपतांच प्रत्येक खिळा तपासणारे मिस्त्री असतात. चाकणहून निघालेल्या चालकापाशीं यांतलें कांहीं नसतें.

त्याच्यापाशीं असतें इंजिन. हीच या सर्व प्रकरणांतील सोपी आणि वारंवार विसरली जाणारी गोष्ट आहे. खालच्या गियरमध्यें घालून इंधन तोडलें कीं तेंच इंजिन, ज्यानें ट्रक चढविला, त्याला उतरतांना मागें ओढूं लागतें. धूर बाहेर जाण्याची वाट अडविणारी झडप जोडली असेल तर ही ओढ आणखी वाढते. उष्णता मग ड्रमांत न जातां इंजिनाच्या वाटेनें बाहेर पडते. ती बाहेर टाकण्याचें काम तर इंजिन रात्रंदिवस करीतच असतें. ब्रेकांची आंतरराष्ट्रीय चांचणी पाहिली तर भरलेलें वाहन शेंकडा ६ च्या उतारावर ताशीं ३० किलोमीटर वेगानें ६ किलोमीटर नेल्यासारखा भार त्यावर टाकतात, आणि त्यांत इंजिनाच्या ओढीचें साह्य गृहीत धरलेलें असतें. ही चांचणी म्हणजे ३६० मीटरांचा घाट झाला. बोरघाट त्याहून सुमारें एकशेंचाळीस मीटरांनीं अधिक.

या घाटानें ब्रेकांची काळजी प्रत्येक पिढीला करावयास लावली आहे. १० नोव्हेंबर १८३० रोजीं सर जॉन माल्कम याच्या हस्तें येथील गाडीरस्ता खुला झाला. त्या काळच्या गाड्या उतारावर आवरण्याचे उपाय सर्व जगांत सारखेच होते: चाकाच्या धांवेवर लाकडी ठोकळा दाबावयाचा, नाहीं तर चाक बांधून तें घसरत न्यावयाचें. १८६३ मध्यें आगगाडी घाट चढली. तेथील चढ ३७ फुटांस १ फूट इतका उभा, आणि खंडाळ्याजवळ गाडीला तोंड फिरवून घ्यावें लागे. ही उलट फिरण्याची जागा १९२९ पर्यंत वापरांत होती. निसटलेली गाडी अडविण्यासाठीं रेल्वेच्या इंजिनियरांनीं मुख्य मार्गापासून वर चढत जाणारे आंधळे फांटे काढले. सांधे एरवीं या फांट्याकडेच लावलेले असत. उतरणारी गाडी थांबून आपल्या ताब्यांत आहे असें दाखवी, तेव्हांच तिला मुख्य मार्ग मिळे. ब्रेक आहे असें समजून चालावयाचें नाहीं, नाहीं असें समजून चालावयाचें, असा हा व्यवहार होता. उतारावरील निष्काळजीपणास इतकी चांगली लगाम रस्त्यावर अद्याप कोणी घातलेली नाहीं.

शर्यतीकडे पुन्हा वळलें तर तिच्या भरविणाऱ्यांनीं बोलून दाखविलेला एक हेतु लक्षांत घेण्यासारखा आहे. ट्रक चालविणें हा धंदा तरुणांस हलका वाटूं लागला आहे, त्याला थोडी प्रतिष्ठा यावी, असें ते म्हणत. हेतूंत कंपनीची जाहिरात मिसळलेली होती हें उघड आहे, पण म्हणून तो खोटा ठरत नाहीं. २०१६ मध्यें भारतीय चालकांस निवडून, शिकवून, त्यांची निराळी शर्यत ठेवण्यांत आली. रस्त्यावर ट्रक हांकणारी माणसें शिरस्त्राण घालून शर्यतमार्गावर उतरलीं. २०१७ मध्यें हजार अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाचा ट्रकहि तेथें दिसला. त्या चौथ्या वर्षानंतर मात्र ही मालिका पुढें चालली नाहीं. शिकलेल्या चालकांची संख्या थोडीच राहिली. पण त्यांना जें शिकविलें गेलें, म्हणजे ब्रेक केव्हां लावावा, किती लावावा आणि केव्हां सोडून द्यावा, त्याची गरज शर्यतमार्गापेक्षां घाटाला अधिक होती. भोसरी येथें १९६७ पासून असलेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था वाहतुकीचें शिक्षण देण्याचें काम करीत आहे. तिच्या दारापर्यंत किती खाजगी ट्रकमालक आपले चालक पाठवितात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कायद्यानें आपल्या परीनें पाऊल पुढें टाकलें आहे. चाकें जखडूं न देणारी विजेची योजना प्रथम जोडगाड्या ओढणाऱ्या ट्रकांस आणि पुढें, २०१५ पासून, इतर अवजड ट्रक व बस यांनाहि सक्तीची झाली. ती घसरण टाळते, उष्णता टाळीत नाहीं.

देहूरोडहून पिंपरी-चिंचवडच्या कडेनें कात्रजकडे जाणारा बाह्यमार्ग पुण्याच्या माणसास ठाऊक आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नऱ्ह्यावरून नवले पुलाकडे येतांना तो सतत उतरता आहे. घाटासारखीं वळणें नाहींत, म्हणून उतार जाणवत नाहीं. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं रात्रीं याच उतारावर एका भरलेल्या ट्रकनें पुढच्या अनेक वाहनांस एकामागून एक धडका दिल्या. ब्रेक फेल झाला असें प्रथम सर्वत्र बोललें गेलें. प्राथमिक तपासांत निराळें निघालें: ब्रेकांत दोष आढळला नाहीं, डिझेल वांचविण्यासाठीं चालकानें उतारावर इंजिन बंद करून ट्रक सोडला असावा, असें तपासणाऱ्यांचें मत पडलें. इंजिन बंद म्हणजे त्याची ओढ गेली, हवा भरणारा पंपहि थांबला. टाकींत शिल्लक असेल तेवढी हवा आणि ड्रमांचें तेवढें लोखंड, यांवरच सारा भार. चालकास अटक झाली. लिटरमागें किती किलोमीटर झाले याचा हिशेब चालकाकडून मागण्याची रीत ट्रकांच्या धंद्यांत सर्वत्र आहे. उतारावर इंजिन चालूं ठेवण्यास लागणारें डिझेल त्या हिशेबांत कोणत्या खात्यावर घालावयाचें, हें मालकांनीं अद्याप ठरविलेलें दिसत नाहीं.